बारा डिसेंबरची नोंद

१

योगेश बाविस्करला जाऊन दोन महिने होत आले होते. आणि आज त्याची बायको हर्षदा उज्ज्वलाताईंच्या दुकानात बसून, समोरच्या कागदावर सही करू की नको, असं विचारत होती.

उज्ज्वला निकुंभ पांडेसऱ्यात, कापड मिलांच्या वस्तीत, सोळा वर्षं मिलच्या लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरत होत्या. दुकान केवढं, तर दोन माणसं बसली की तिसऱ्याने उंबऱ्यावर उभं राहायचं. बाईंची जीभ तिखट. कोणी कागद अर्धवट आणले, तर "घरी विसरलास की सासुरवाडीला?" असं तोंडावर विचारायच्या. पण आज त्यांनी चष्मा काढून नुसता पुसायला घेतला.

योगेश तेरा डिसेंबरच्या सकाळी कडोदऱ्याच्या पुढे, हायवेच्या सर्व्हिस रोडवर सापडला. शेजारी त्याची मोटारसायकल आडवी, डोक्याला मागून मोठी जखम. मोबाइलचा चुरा झालेला. अज्ञात वाहनाने उडवलं, अशी नोंद झाली. मृत्यू रात्री दहा ते बाराच्या दरम्यान, असं डॉक्टरांनी लिहिलं. सगळ्यांना ते पटलंही. कारण योगेश दोन नोकऱ्या करायचा. सकाळी सात ते तीन पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कलर मास्तर आणि चार ते दहा कडोदऱ्याला धुडकू महाजनच्या डाइंग, म्हणजे कापड रंगवायच्या युनिटमध्ये तेच रंग कालवायचं काम. दहाला सुटला, घरी निघाला, कोणीतरी उडवलं. संपलं.

"वाच ना जरा मोठ्याने," उज्ज्वलाताई म्हणाल्या.

हर्षदाने वाचलं. आवाज अगदी सपाट होता. "मी, हर्षदा योगेश बाविस्कर, धुडकू महाजन यांच्या फर्मकडे घरबसल्या धागे कापण्याचं काम करत होते. माझा पूर्ण हिशोब मिळाला आहे. माझ्या पतीचा सदर फर्मशी काहीही संबंध नव्हता."

"आणि याचे किती देताहेत?"

"दोन लाख," हे उंबऱ्यावरून लखन म्हणाला. लखन म्हणजे योगेशचा धाकटा भाऊ. छोटा टेम्पो चालवायचा, या मिलचा कपडा त्या मिलला पोचवायचा. भाऊ गेल्यापासून वहिनीला एकटीला कुठे सोडत नव्हता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "ताई, तुम्ही समजवा वहिनीला. धुडकूशेठ आपल्याच समाजाचे. मी तर त्यांना पहिल्यांदा बाराव्याला पाहिलं. ओळख ना पाळख, तरी माणूस माणुसकीने देतोय. नाही म्हटलं तर हेही जाईल. दिपालीची शाळा आहे, घराचं भाडं आहे."

दिपाली म्हणजे हर्षदाची सहा वर्षांची मुलगी.

उज्ज्वलाताईंना हिशोब माहीत होता. कामावर मेला असं ठरलं, तर कायद्याने बारा-चौदा लाख तरी मिळायला हवेत. पण सही केली की मुळात योगेश तिथे कामालाच नव्हता. मग कसली भरपाई?

"ताई," हर्षदा एकदम म्हणाली, "मी त्यांना शेवटची आंघोळ घातली ना, तेव्हा त्यांचे हात लाल होते. कोपरापर्यंत. घासून घासून निघेना."

२

"रक्त असेल," लखन घाईने म्हणाला.

"रक्त मला कळतं भाऊजी. तो मरून रंग होता, कापडाचा गडद लाल."

"मग मिलमधला. आधीचा."

"मिल कुठे चालू होती?" हर्षदाने पहिल्यांदाच दिराकडे नीट पाहिलं. "बॉयलर धुवायला काढला होता, तीन दिवस बंद होती. त्या दिवशी घरीच होते. माझ्यासमोर भाकरी कुस्करून जेवले आणि सव्वातीनला निघाले. हात पांढरे स्वच्छ होते."

लखनने किल्ली मुठीत घेतली. टेम्पो रस्त्यात उभा आहे म्हणत बाहेर गेला.

उज्ज्वलाताई मनातल्या मनात वेळ जुळवू लागल्या. सव्वातीनला स्वच्छ हाताने निघालेला माणूस कोपरापर्यंत मरून रंगाने माखून मरतो, म्हणजे मधल्या वेळात तो रंगात हात घालून कामच करत होता. आणि कलर मास्तरची रीत त्यांना ठाऊक होती. काम सुटलं की ब्लीचच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय कोणी गेटबाहेर पडत नाही. योगेश तर नाहीच नाही. मुलीला उचलून घ्यायचं असायचं त्याला. दहाला काम संपवून तो निघाला असता, तर हात धुऊनच निघाला असता.

म्हणजे तो स्वतःच्या पायाने निघालाच नव्हता.

पण हे सिद्ध कसं करणार? कागदावर योगेश कडोदऱ्यात कधी कामालाच नव्हता. आणि तो कागद कोणी तयार केला होता? दुसरं कोणी नाही. उज्ज्वला निकुंभने स्वतः!

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये योगेश याच खुर्चीत बसला होता. "ताई, दुसरी नोकरी मिळतेय. दोन्ही पगार मिळून सात लाख बासष्ट हजार होतात. टॅक्स बसेल का?" त्या वर्षी पगारदाराला साडेसात लाखांपर्यंत काही भरावं लागत नव्हतं. वरच्या बारा हजारांपायी बारा हजारांहून जास्त टॅक्स. शिवाय मिलला कळलं तर पहिली नोकरी जायची भीती. उज्ज्वलाताईंनी चष्मा वर केला होता आणि म्हटलं होतं, "वहिनीचं पॅन आहे ना? दुसरा पगार तिच्या नावावर घ्यायला सांग. तिचं उत्पन्न शून्य. कटलेला टॅक्ससुद्धा परत मिळवून देते." केवढी हुशारी वाटली होती तेव्हा! पांडेसऱ्यात अशा दहा जोडप्यांना त्यांनी हा सल्ला दिला होता. धुडकू महाजनला तर हे सोयीचंच झालं. हजेरी नको, विमा नको, फंड नको. नावाला एक बाई घरात बसून धागे कापते, बस्स.

बारा हजार वाचवायला त्यांनी एक जिता माणूस कागदावरून पुसला होता. आणि आता तो मेल्यावर सापडत नव्हता.

"हर्षदा, सोमवारपर्यंत सही करू नकोस," त्या म्हणाल्या. "लखनला सांग, टॅक्सचं काम अडलंय. ताईंनी थांबायला सांगितलंय."

ती गेल्यावर त्यांनी हर्षदाच्या पॅनचं खातं उघडलं. कोणी कोणत्या तारखेला किती पैसे दिले आणि त्यातून किती टॅक्स कापला, ते सरकारकडच्या या उताऱ्यात ओळीने येतं. तिमाही संपली की कापणारा माहिती भरतो, म्हणून डिसेंबरपर्यंतच्या नोंदी आत्ता कुठे फेब्रुवारीत दिसत होत्या. तीस सप्टेंबर, बावीस हजार. एकतीस ऑक्टोबर, बावीस हजार. तीस नोव्हेंबर, बावीस हजार.

आणि त्याखाली शेवटची ओळ. बारा डिसेंबर. आठ हजार आठशे.

३

योगेशचं प्रेत सापडलं तेरा तारखेला सकाळी. हिशोब मिटला बारा तारखेला. बावीस हजार महिना, म्हणजे बारा दिवसांचे बरोबर आठ हजार आठशे. धागे कापणाऱ्या बाईला नगावर पैसे मिळतात, दिवसावर नाही. हा पगार होता, आणि तो रोजच्या रोज मोजून तोडला होता.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वलाताई कडोदऱ्याला गेल्या.

धुडकू महाजनचं ऑफिस युनिटच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून वाफेचा आणि रंगाचा उग्र वास येत होता. माणूस जाडजूड, कपाळाला टिळा, बोलायला गोड. "बसा बेन, बसा. पाणी घ्या. हर्षदाबाईंचं काय? सही झाली ना?"

"होईल. टॅक्सचं काम अडलंय म्हणून आले. धुडकूभाऊ, तिच्या नवऱ्याला तुम्ही ओळखत होता?"

"अजिबात नाही. पोलिस विचारायला आले तेव्हा नाव ऐकलं. बाराव्याला गेलो, फोटोला हार घातला. आपल्या खान्देशचा पोरगा, वाईट वाटतं हो."

"बारा तारखेला तुम्ही कुठे होता?"

महाजनचा गोडवा जरासा आटला. पण त्याने खणातून एक लग्नपत्रिका काढून समोर टाकली. "शिरपूरला. साडूच्या पोरीची हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. दोनशे माणसांनी पाहिलंय मला. तुम्ही टॅक्सवाल्या की सीआयडीवाल्या?"

"टॅक्सवालीच. सीआयडीला काय, एकदा तपास लागला की सुट्टी. आम्हाला दर तिमाहीला पुन्हा तेच," उज्ज्वलाताई उठल्या. "तुमच्या क्लार्कबाईंकडे हर्षदाचा पॅन नंबर तेवढा जुळवून घेते. एक अक्षर चुकलं तर दंड तुम्हालाच बसेल."

दंडाचं नाव काढल्यावर महाजनने हात हलवून परवानगी दिली.

क्लार्क कमल, नंदुरबारकडची. पस्तिशीची, थकलेली, टेबलावर बिलांचा ढीग. सगळी टीडीएसची माहिती तीच भरायची. उज्ज्वलाताईंनी नंबर जुळवला, बिलांची दोन-चार गाऱ्हाणी ऐकून घेतली, कमलचा अर्धा चहा प्यायल्या आणि मग सहज विचारावं तसं विचारलं.

"महिना अर्धा असताना हर्षदाबाईंचा हिशोब का तोडला गं?"

"तो ना? माझ्या लक्षात आहे. मी सहाला निघते, पर्स खांद्याला लावली होती. तेवढ्यात सांगितलं, आजच्या आज बंद करा. शेठचा फोनही आला लगेच, करून टाक म्हणून. परत बसले, बारा दिवसांचे काढले, बँकेत टाकले. सव्वासहाची बस चुकली माझी."

"सांगितलं कोणी?"

कमलने सांगितलं. उज्ज्वलाताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

४

सोमवारी दुपारी हर्षदा आली, तिच्या मागोमाग लखनही आला. उज्ज्वलाताईंनी त्याला आत बसवलं आणि स्वतः उठून दुकानाचं दार लोटून घेतलं.

"लखन, मी एक एक सांगते. चुकलं तर थांबव."

लखन कपाळाचा घाम पुसत होता. फेब्रुवारीतल्या दुपारी एवढा घाम यायचं काही कारण नव्हतं.

"योगेश बारा तारखेला चार वाजता कडोदऱ्याच्या युनिटात कामाला लागला. हात रंगात असतानाच त्याला काहीतरी झालं. हात धुवायला तो उठलाच नाही. त्याच संध्याकाळी, सहा वाजता, ऑफिसात कोणीतरी गेलं आणि हर्षदाबाईंचा हिशोब बंद करायला सांगितलं. आता तूच विचार कर. युनिटात पडला योगेश. तिथल्या कामगारांना तो योगेशमास्तर म्हणून माहीत. ऑफिसातल्या कमलला योगेश माहीतच नाही, तिच्या वहीत आहे हर्षदा, घरी बसून धागे कापणारी. योगेश पडला म्हणून हर्षदाचं नाव काढा, हे कोणाला सुचेल?"

लखन दाराकडे बघू लागला.

"ज्याला ठाऊक आहे की वहीतली हर्षदा म्हणजेच योगेश, त्यालाच. असे किती जण? योगेश स्वतः, हर्षदा, मी. धुडकू महाजन. पण तो शिरपूरला हळदीत होता. त्याने फोन केला, पण इथे काय झालंय ते त्याला आधी कोणीतरी कळवलं असणार. राहिला एक जण. ज्याने दोन वर्षांपूर्वी योगेशला तिथे चिकटवलं आणि हर्षदाच्या पॅनची झेरॉक्स नेऊन दिली."

"ताई, मी सांगितलं ना, मी शेठला पहिल्यांदा..."

"बाराव्याला पाहिलंस. हो, सांगितलंस. आणि कमल सांगते, हर्षदाबाईंचा दीर दर आठवड्याला युनिटातून माल भरतो, टेम्पोवाला. वहिनीचे कागद तोच आणून द्यायचा. बारा तारखेला सहाला तोच आला आणि म्हणाला, वहिनी आता काम करणार नाही."

हर्षदा दिराकडे बघत होती. "भाऊजी?"

लखनने डोकं गुडघ्यांत घातलं. मग तो बोलायला लागला, आणि शहरात आल्यापासून चारचौघांत टाळत आलेली अहिराणी त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडली.

"माय वं... शिडी घसरनी व्हती. टाकीना वरतून पडना भाऊ. मी माल भरी ऱ्हायनतू. शेठले फोन लावा. शेठ बोलना, दवाखाना नको, पोलिस येतीन, युनिटले सील लागी. तुना टेम्पोना हप्ता मी भरसू, तू त्याले बाहेर ली जाय."

टाकीच्या शिडीवरून भाऊ पडला. दवाखान्यात नेलं तर युनिट बंद पडेल, म्हणून शेठने टेम्पोचे हप्ते भरायचं कबूल केलं. एवढाच सौदा होता तो.

"म्हणजे तुम्ही प्रेत रस्त्यावर टाकलंत," हर्षदा म्हणाली. "सख्ख्या भावाचं."

उज्ज्वलाताईंनी डोळे मिटले. जे बोलायचं राहिलं होतं ते आता बोलावंच लागणार होतं, आणि ते हर्षदासमोर बोलावं लागणार होतं.

"हर्षदा, डॉक्टरांचा कागद तुझ्याच फाइलीत आहे. मृत्यू रात्री दहा ते बाराच्या दरम्यान. आतापर्यंत आपण सगळे समजत होतो, दहाला सुटला आणि गाडीने उडवला. पण हिशोब तोडला गेला सहा वाजता." त्या लखनकडे वळल्या. "लखन, सहा वाजता तू कोणाचा हिशोब बंद केलास? तेव्हा तो मेलेला नव्हता."

लखनने मान वर केली नाही.

"त्याना दम चालू व्हता," तो म्हणाला. "टेम्पोमा, कपडास्ना गठ्ठास्वर निजाडेल व्हता. अंधार पडापर्यंत वजनकाट्यामांगे उभा ऱ्हायनू. एकदाव पानी मांगं त्यानी."

"दिलंस का?" हर्षदाने विचारलं.

लखन रडू लागला.

हर्षदा उठली. तिने त्याला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. दार उघडलं आणि उन्हात जाऊन उभी राहिली. मेल्या माणसाला हलवलं असतं, तर ते पाप एकवेळ पोटात घातलं असतं. पण चार-पाच तास! वाटेत दोन दवाखाने लागतात! उज्ज्वलाताईंना त्या क्षणी लखनची एवढी किळस आली, की त्याच्याकडे न बघताच त्यांनी पोलिस ठाण्याचा नंबर लावला.

"आधी मला माझं सांगायचंय," त्या फोनवर म्हणाल्या. "पगार बायकोच्या नावावर दाखवायचा सल्ला माझा होता. तो लिहून घ्या, मग पुढचं सांगते."

५

लखनने जबाबात सगळं कबूल केलं, भावाची मोटारसायकल त्याच टेम्पोतून नेऊन शेजारी आडवी टाकल्याचं आणि मोबाइल फोडल्याचंही. धुडकू महाजनला शिरपूरला लावलेले फोन, हप्त्यांचे पैसे, कमलची साक्ष, सगळं जुळत गेलं आणि दोघंही आत गेले. युनिटला सील लागलंच. ज्याला भिऊन त्यांनी एक माणूस मरू दिला, तेच शेवटी झालं.

इकडे उज्ज्वलाताईंच्या दुकानातली गर्दी पातळ झाली. जी बाई स्वतःच्या सल्ल्याची कबुली पोलिसांना देते, तिच्याकडे कोण आपले कागद आणून देणार? त्यांनी त्या दहा जोडप्यांना एकेक करून बोलावलं आणि सांगितलं, दुसरी नोकरी ज्याची, त्याच्याच नावावर दाखवा. बसू दे टॅक्स. दोघंतिघं चिडून गेली. एकजण जाता जाता म्हणाला, तुम्हीच तर सांगितलं होतं.

भरपाईचा अर्ज लागला तेव्हा वकील म्हणाला, आधी कागद सरळ करा. हर्षदाच्या नावावरचं उत्पन्न योगेशचं होतं, हे तिने स्वतः मान्य करायला हवं. म्हणजे तिच्या रिटर्नमधून ते काढायचं, योगेशच्या रिटर्नमध्ये घालायचं आणि त्याची वारस म्हणून तिनेच ते भरायचं. आणि त्यावरचा टॅक्स, व्याज, जादा आकार, तेही तिनेच.

मार्चच्या एका सकाळी हर्षदा दिपालीला शाळेत सोडून आली आणि खुर्चीत बसली. सगळं मिळून सोळा हजार निघाले.

"मी भरते," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "पाप माझं आहे."

"नको ताई." हर्षदाने पिशवीतून पासबुक काढलं. "ते आठ हजार आठशे, टॅक्स कापून उरलेले, तसेच पडलेत. मला माहीतच नव्हतं, मेसेज त्यांच्या मोबाइलवर जायचा. परवा पासबुक भरून आणलं तेव्हा दिसले. बारा तारखेचे." तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "या पैशांचं मी दूध आणणार नाही की वह्या आणणार नाही. ते भरा. उरलेले मी जमवलेत."

उज्ज्वलाताईंनी योगेशचं रिटर्न उघडलं. त्यांनी योगेशचं पॅन घातलं. मृत, या खणात खूण केली. वारस म्हणून हर्षदाचं नाव लिहिलं. पहिला मालक, पांडेसऱ्याची मिल. मग दुसऱ्या मालकाचा रकाना आला. आधीच्या रिटर्नमध्ये हाच रकाना त्यांनी रिकामा सोडला होता. आता त्यांनी तिथे कडोदऱ्याच्या फर्मचं नाव एकेक अक्षर बघून भरलं.

हर्षदा वाकून पडद्याकडे पाहत होती. तिला वाचायला वेळ लागला.

"आता ते तिथे कामाला होते ना ताई?"

"होते," उज्ज्वलाताई म्हणाल्या आणि रिटर्न पाठवून दिलं.